पानं फसवतात, फूल सांगतं



तळ्यात गोल पानं तरंगायला लागली की आपण सरसकट ‘कमळं आली’ म्हणतो. पण त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती असतात. त्या वेगळ्या ओळखून लिहून ठेवण्याची साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट आज ऐकूया.

तेव्हा कोचीवर डच व्यापाऱ्यांची सत्ता होती. त्यांचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेड याने मलबारातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करायला घेतला. त्याचं नाव ‘होर्टुस मलबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले.

साहेबाला इथली झाडं कुठून ठाऊक असणार? माहिती दिली ती इथल्याच वैद्यांनी. एक मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन, आणि तिघे कोकणी वैद्य : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेलं साक्षीपत्र पहिल्या खंडात आहे. ते कोकणीत आहे, आणि अक्षरं आपली नागरी.

वनस्पती आणायला माणसं रानात पाठवली जात. नुसता पाला चालत नसे. पानांबरोबर फूल आणि फळही लागे. का, ते पाणवनस्पतींत चटकन कळतं. पाणी खोल असलं की देठ लांबतो, उथळ असलं की आखूड राहतो. पानही लहानमोठं होतं. फुलाची घडण मात्र सहसा बदलत नाही.

अकराव्या खंडात, १६९२ साली, अशी दोन चित्रं आली : आंबेल आणि नेदेल-आंबेल. दोघांची पानं पाण्यावर पसरलेली, गोल आणि एका बाजूला चिरलेली. पण फुलं अगदी वेगळी. आंबेल म्हणजे आपलं कुमुद. त्याला पुष्कळ पाकळ्या. नेदेल-आंबेल म्हणजे कुमुदिनी. तिचं फूल लहान, पांढरं, मध्ये पिवळं. पाकळ्या बहुधा पाच, आणि त्यांवर कापसाच्या तंतूंसारखी झालर. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर कुमुदिनी तळं आहे, त्याला नाव हिच्यावरूनच पडलं. आणि खरं कमळ? त्याच्या पानाला चीर नसते, बरीच पानं पाण्याच्या वर उभी राहतात, आणि फुलाच्या मधोमध झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा गड्डा असतो.

पुढे स्वीडनच्या लिनियसने फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. १७५३ च्या त्याच्या ग्रंथात इथल्या कित्येक वनस्पतींना शास्त्रीय नावं मिळाली, ती याच मलबारच्या ग्रंथाच्या आधाराने. वैद्यांनी सांगितलेलं ज्ञान असं जगभर गेलं.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या साक्षीपत्रांवरची नावं सगळी पुरुषांची आहेत. तळ्यावर धुणं घेऊन जाणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, भाजीपाला खुडणाऱ्या बायकांना काय ठाऊक होतं, ते कागदावर आलं नाही.

आज ते येऊ शकतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. समितीत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, असं २००४ च्या नियमांत लिहिलं. आपल्या गावच्या नोंदवहीत तळ्याचं पान कोरं आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा.

नोंद करताना कंद उपटू नका. काठावरून हाताला येईल तेवढं एकच फूल घ्या आणि ताटलीत पाणी घालून त्यात ठेवा, म्हणजे पाकळ्या चिकटणार नाहीत. पाकळ्या मोजा, झालर आहे का बघा. तारीख, तळ्याचं नाव आणि तुमच्या आजीच्या तोंडचं त्या फुलाचं नाव लिहा. खाली तुमचं स्वतःचं नाव घालायला विसरू नका.