ई-पुस्तकांचे रूपांतर : कोणते पुस्तक कोणत्या यंत्रावर उघडेल?

छापील पुस्तक वाचायला डोळे आणि उजेड पुरतो. ई-पुस्तकाला याखेरीज आणखी एक गोष्ट लागते. ते ज्या फॉरमॅटमध्ये साठवले आहे तो ओळखणारे यंत्र. त्यामुळे संगणकावर सुबक दिसणारे पुस्तक मोबाइलच्या पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसते, किंडलसाठी घेतलेले पुस्तक कोबोवर उघडत नाही आणि पंधरा वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली फाइल नव्या यंत्राला ओळखताच येत नाही. यावरचा उपाय म्हणजे फाइलचे एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करणे. त्यासाठीचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि साध्या पुस्तकाचे काम काही मिनिटांत होते. परंतु रूपांतर कितपत चांगले होईल, हे सॉफ्टवेअरपेक्षा मूळ फाइलमध्ये काय आहे यावर अधिक अवलंबून असते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर हाच मुद्दा कळीचा ठरतो.

फॉरमॅटची ओळख

पीडीएफ : अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला हा फॉरमॅट २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. छापील पान जसेच्या तसे दाखवणे हा त्याचा मूळ हेतू आहे. ओळ कुठे तुटते, चित्र कुठे बसते, हे त्यात पक्के ठरलेले असते. छपाईसाठी हा गुण आहे. सहा इंची पडद्यावर वाचताना मात्र तोच दोष ठरतो.

ईपब : २००७ मध्ये प्रमाणित झालेला हा खुला फॉरमॅट आहे. २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०१७ पासून त्याची जबाबदारी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे आहे. ईपब फाइल म्हणजे खरे तर एक झिप गठ्ठा असतो. त्यात वेबपानांसारखी लिहिलेली प्रकरणे, चित्रे, अनुक्रमणिका आणि पुस्तकाची माहिती असते. मजकूर प्रवाही असल्याने पडद्याच्या आकारानुसार ओळी नव्याने जुळतात आणि अक्षरे वाचकाला हवी तेवढी मोठी करता येतात.

मोबी आणि त्याचे वंशज : मोबीपॉकेट ही २००० मध्ये स्थापन झालेली फ्रेंच कंपनी २००५ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या किंडलचा फॉरमॅट मोबीवरूनच बेतलेला होता. पुढे २०११ मध्ये एझेडडब्ल्यू-३ आणि २०१५ मध्ये केएफएक्स हे फॉरमॅट आले. ते किंडलच्या जगापुरतेच मर्यादित आहेत.

साधा मजकूर : यात सजावट नसते, चित्रेही नसतात. पण मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये प्रकल्प गुटेनबर्गची सुरुवात करताना संगणकावर टंकलेला मजकूर आजही कुठल्याही संगणकावर वाचता येतो. याउलट मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये आणलेला ‘लिट’ फॉरमॅटचा रीडर २०१२ मध्ये बंद झाला. फॉरमॅट जितका खुला, तितके पुस्तकाचे आयुष्य अधिक, हा धडा यातून घ्यावा.

कोणत्या यंत्राला काय चालते?

कोबोचे वाचनयंत्र ईपब आणि पीडीएफ थेट उघडते. आयफोन व आयपॅडवरील अॅपल बुक्सलाही हे दोन्ही चालतात. अँड्रॉइड फोनवर गूगल प्ले बुक्समध्ये आपल्याजवळची ईपब किंवा पीडीएफ फाइल चढवता येते. किंडलची तऱ्हा थोडी निराळी आहे. केबलने किंडलमध्ये टाकलेली ईपब फाइल ते यंत्र उघडत नाही. मात्र ‘सेंड टू किंडल’ या सेवेतून पाठवलेली ईपब अॅमेझॉन २०२२ पासून स्वीकारते आणि स्वतःच तिचे रूपांतर करून यंत्रावर पोहोचवते. मोबी फाइल स्वीकारणे त्या सेवेने नंतर बंद केले. थोडक्यात, आज एकच फॉरमॅट जपायचा असेल तर तो ईपब.

कॅलिबर : घरचा कारखाना

रूपांतरासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे कॅलिबर. सोनी कंपनीचे पीआरएस-५०० हे वाचनयंत्र २००६ मध्ये बाजारात आले, पण लिनक्स संगणकावर ते चालवण्याची सोय नव्हती. ती गरज भागवण्यासाठी कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने जे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, त्यालाच २००८ मध्ये कॅलिबर हे नाव मिळाले. ते मुक्तस्रोत आणि विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. कामाचा क्रम असा :

१. ‘अॅड बुक्स’ या बटणाने फाइल कॅलिबरच्या संग्रहात घ्यावी. कॅलिबर तिची स्वतंत्र प्रत ठेवते. मूळ फाइल जागच्या जागी राहते.

२. ‘एडिट मेटाडेटा’ मध्ये पुस्तकाचे व लेखकाचे नाव देवनागरीत भरावे आणि भाषा मराठी निवडावी. पुस्तके शे-दोनशेच्या वर गेली की शोध घेताना याचे महत्त्व कळते.

३. ‘कन्व्हर्ट बुक्स’ दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत वर उजव्या कोपऱ्यात हवा तो फॉरमॅट निवडावा. केबलने किंडलमध्ये टाकायचे असल्यास एझेडडब्ल्यू-३, इतरत्र ईपब.

४. यंत्रात देवनागरी फॉण्ट नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. अशा वेळी ‘लुक अँड फील’ विभागात फॉण्ट पुस्तकातच अंतर्भूत करण्याचा पर्याय वापरावा.

५. रूपांतरानंतर अनुक्रमणिका, चित्रे, तळटीपा आणि कवितेच्या ओळी आवर्जून तपासाव्यात. गडबड बहुधा याच ठिकाणी होते.

वर्ड फाइलमधून ईपब किंवा ईपबमधून एझेडडब्ल्यू-३ असे रूपांतर सहसा समाधानकारक होते. पीडीएफमधून केलेले मात्र अनेकदा निराशा करते. रूपांतरासाठी पीडीएफ हा सर्वांत वाईट फॉरमॅटपैकी एक आहे, असे कॅलिबरच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट म्हटलेले आहे.

मराठी पीडीएफची तीन रूपे

मराठीत विनामूल्य ई-पुस्तकांचा मोठा साठा पीडीएफमध्येच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरील पुस्तके असोत वा ई साहित्य प्रतिष्ठानची, ती आपल्याला याच स्वरूपात मिळतात. मात्र वरून सारख्या दिसणाऱ्या पीडीएफच्या आत तीन वेगवेगळे प्रकार असू शकतात.

पहिला प्रकार स्कॅन केलेल्या पानांचा. त्यात अक्षरे नसतात, फक्त अक्षरांची छायाचित्रे असतात. ती आधी ओसीआर तंत्राने वाचून घ्यावी लागतात. टेसरॅक्ट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आणि गूगल ड्राइव्हमध्ये मराठीसाठी ही सोय आहे. मात्र निघालेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

दुसरा प्रकार जुन्या फॉण्टचा. युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉण्ट वापरत. पडद्यावर ‘पुस्तक’ दिसे, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असत. अशा फाइलचे रूपांतर केले की तीच निरर्थक चिन्हे पानभर उमटतात. त्या विशिष्ट फॉण्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

तिसरा प्रकार युनिकोड पीडीएफचा. हा सर्वांत बरा, तरी निर्धोक नाही. पीडीएफ अक्षरांची जागा लक्षात ठेवते, उच्चाराचा क्रम नाही. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. त्यामुळे मजकूर बाहेर काढताना ‘कविता’ची ‘किवता’ होऊ शकते. मराठीच्या ‘ऱ्य’लाही धोका असतो. तो काही वेळा एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे लिहिलेला असतो. ते चिन्ह गळाले की सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ वाचकाला ‘दर्या’त नेऊन सोडतात. स्पेलचेकला ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

आपल्या हातातली फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखण्याची साधी कसोटी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. परिच्छेद निवडताच आला नाही तर ते बहुधा छायाचित्र आहे. रोमन चिन्हे उमटली तर जुना फॉण्ट. वाचनीय मराठी उमटले तर रूपांतराला हात घालायला हरकत नाही.

कुलूप आणि कायदा

विकत घेतलेल्या बहुतेक ई-पुस्तकांना डीआरएम नावाचे डिजिटल कुलूप असते. कॅलिबर असे कुलूप उघडत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. त्यामुळे पुस्तक घेतानाच ते कुलूपबंद आहे का आणि कोणत्या यंत्रांवर उघडते, हे पाहून घेणे श्रेयस्कर.

कारण अशा पुस्तकांवर खरेदीदाराचा ताबा पूर्ण नसतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये नेण्याची सोयही अॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली.

ज्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे, त्या पुस्तकांना हे बंधन नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजावीत, असा भारतातील सर्वसाधारण नियम आहे. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके तर युनिकोडमध्येच असून ती थेट ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये आणखी एक महत्त्वाची सवलत आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी ते वाचनसुलभ स्वरूपात आणण्यास परवानगी आहे. याच विषयावरील मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर युनिकोड मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. स्कॅन केलेल्या पीडीएफपुढे तो मुका होतो आणि जुन्या फॉण्टच्या फाइलमधून नुसती चिन्हे उच्चारत राहतो. डोळस वाचकाला जे गैरसोयीचे, ते अंध वाचकाला पूर्णतः बंद दार असते.

म्हणून रूपांतराचे खरे काम पुस्तक तयार होतानाच सुरू होते. प्रकाशकांनी छपाईची पीडीएफ जपावी, तशीच युनिकोड मजकुराची प्रतही जपावी. लेखकांनी आपल्या हस्तलिखिताची वर्ड फाइल सांभाळून ठेवावी. वाचकांनी पर्याय असेल तिथे ईपब निवडावी आणि मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. यंत्रे चार-पाच वर्षांनी बदलतील. स्वच्छ युनिकोडमधला मजकूर हाताशी असेल, तर त्यातून पुढच्या यंत्रासाठी पुस्तक पुन्हा तयार करता येईल.