वणवा आणि उंबरठा

पळस फुलला की आपण वसंताचे स्वागत करतो. परंतु बालाघाटाच्या माळांवर हाच ऋतू वणव्याचाही असतो. पाटोदा, आष्टी, धारूर या बाजूंना पावसाळ्यात माजलेले कुसळी गवत होळीपर्यंत कोरडेठाक होते. न विझवता टाकलेली विडी, किंवा जुने जाळले म्हणजे नवे चांगले फुटते या समजुतीने ओढलेली काडी, एवढे निमित्त पुरते. रानाकडेच्या वस्तीवरील छप्पर, गोठा आणि कडब्याची गंज त्या आगीच्या वाटेवरच उभी असतात.

या संकटाचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता, असे नाही. 1674 मधील राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेवर जुलूम करू नये, या आज्ञेसाठी ते आपण स्मरतो. पण त्यातील आगीविषयीचा मजकूर सहसा वाचीत नाही. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवत पडले आहे आणि वारा सुटला आहे हे कोणाच्या ध्यानी येणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतका बारीक विचार तेथे आहे. मागाहून अपराध्यांची डोकी मारली तरी जळलेले लाकूड परत मिळत नाही, हे त्यातील मर्म होय.

पुढे इंग्रजी अमदानीत वनांचे कायदे झाले. आजही लागू असलेल्या 1927 च्या कायद्याचे कलम 26 राखीव वनात आग लावण्यास मनाई करते, तर कलम 79 वनाचे हक्कदार व तेथे गुरे चारणारे यांच्यावर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घालते. उन्हाळ्यापूर्वी गवत काढून जाळरेषा आखण्याची वनखात्याची रीतही जुनी आहे. पण ही सारी व्यवस्था रानासाठी. घराची जाळरेषा कोणी आखावयाची?

आजचे शास्त्र सांगते की, घर बहुधा ज्वाळेच्या लोटाने नव्हे, तर वाऱ्यावर उडालेल्या किटाळाने पेटते. म्हणूनच कॅलिफोर्नियात रानालगतच्या घरांभोवती 100 फुटांपर्यंत वाळके गवत व पाला काढण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. आपल्या वस्तीवर एवढी जागा नसेल. तरी भिंतीलगतचे गवत काढणे, छपरावरील पाला झाडणे, गंज घरापासून व गोठ्यापासून दूर रचणे आणि चुलीतली राख पाणी मारूनच टाकणे, यांस खर्च कसला? जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात परमुलखी पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्यासाठी तर ही शिस्त जीविताचीच गोष्ट आहे.

दुष्काळी मुलखात कडबा जळणे म्हणजे बैल विकावा लागणे, आणि बैल गेला की शेतीच गेली. गवत वाचले तर घोडी वाचतील, हा त्या पत्राचा हिशेब होता. आपला हिशेब याहून वेगळा नाही.