मीटरमागचा दिवा

मोटारीच्या इतिहासात इंजिनाला चरित्रकार मिळाले, चाकांना मिळाले, फार काय, हॉर्नलाही मिळाले असतील. पण स्पीडोमीटरच्या पाठीमागे बसून दुसऱ्याचे तोंड उजळणारा जो दोन-तीन वॉटचा बल्ब असतो, त्याच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. कारकुनाचे असेच असते. बॅलन्स शीटवर सही चेअरमनची. बेरजा मारणारा जन्मभर मागच्या खोलीत. तेव्हा जातभाईच्या नात्याने हे काम मीच अंगावर घेतो.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात मोटारीचा नव्हेच. तो घोडागाडीचा. हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक उभी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि घोड्याकडून येणारा इतर ऐवज तिच्यावर आदळे, म्हणून तो डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, चिखल पादचाऱ्यांच्या वाट्याला आला, पण फळी जागची हलली नाही. ज्या खात्याचे काम संपले त्याचे टेबल हलत नाही, तसेच हे. मग रिकाम्या टेबलावर कोणीतरी फायली आणून ठेवतो, तशी त्या फळीवर हळूहळू घड्याळे येऊन बसली.

टांगेवाल्याला वेगाचा काटा लागत नसे. किती धावायचे ते घोडा ठरवी. मोटारीला ती अक्कल नसल्यामुळे १९०२ साली ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन गृहस्थाने बर्लिनच्या पेटंट कचेरीत वेगमापकाची नोंद केली. करामत साधी आहे. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, तिला तो शिवतसुद्धा नाही, पण आपल्या बाजूला ओढत असतो. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचत असते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावेल तो आपला वेग. (बँकेत मॅनेजर आणि युनियन यांच्यामध्ये माझे असेच होते.)

पण हा काटा रात्री दिसणार कसा? सुरुवातीच्या काळात पुढचे दिवेच कार्बाइडचे. खड्यांवर पाणी ठिबकवायचे, गॅस निघाला की काडी लावायची. १९१२ च्या कॅडिलॅकने बटणावर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकदम आणले, आणि त्यानंतर वीज मोटारीत रुळली. घरात वीज आल्यावर माजघरातही एक बल्ब लागतो, तसा काट्यामागेही लागला.

आता कुर्ल्याला येऊ. कारण आपल्याकडचा इतिहास तिथे घडला.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजे केली, विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती अमेरिकन घराण्यातली. आपण फक्त जोडली. मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनचे ऐकून बजावले, की नुसते जोडकाम करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, राहायचे असेल तर भाग इथेच बनवा. जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला, फोर्डही गेली. वालचंदही त्याच १९५३ साली वारले. कुर्ला मात्र राहिले.

१९६४ मध्ये तिथे फियाट ११०० डी बनू लागली. लोक तिला डिलाइट म्हणत. फियाटशी करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास ती प्रेसिडेंट झाली. दोन वर्षांत प्रेसिडेंटना पायउतार करून १९७४ साली चितोडची राणी गादीवर बसली, ती पद्मिनी. नावे तीन, देह तोच. इटलीने हे मॉडेल १९६६ मध्येच मोडीत काढले होते. आपण २००० च्या सुमारापर्यंत ते काढत राहिलो. म्हणजे छत्तीस वर्षे एकच गाडी! आमच्या बँकेत फॉर्मसुद्धा इतके दिवस टिकत नाही.

या गोष्टीवरून आपण प्रीमियरला, सरकारला, परवाना-राज्याला भरपूर शिव्या दिल्या आणि त्या खऱ्याच होत्या. माझ्या सासऱ्यांनी १९७८ साली गाडीची नोंदणी केली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती जन्मायच्या होत्या. १९८५ मध्ये गाडी दारात आली, तोवर त्या ‘गाडी कधी येणार?’ असे विचारण्याइतक्या मोठ्या झाल्या होत्या. मधल्या काळात मारुती येऊनसुद्धा पडली. सासरे म्हणाले, ‘शब्द दिलाय.’ कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही.

पण बल्बच्या बाजूने पाहाल तर हे सुवर्णयुग होते. छत्तीस वर्षे होल्डर तोच, भोक तेच. एकदा हात बसला की जन्माचा बसला. मालक अर्धा मेकॅनिक झाला तो हौसेने नव्हे. गाडी बदलायची सोय नव्हती म्हणून. आजच्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे टेलिव्हिजन. तो बिघडला की कंपनीला शरण जायचे.

ती १९८५ ची पद्मिनी सासऱ्यांमागे आमच्याकडे, विचुंब्याला आली. हिशेबाच्या पुस्तकात घसारा घटत्या शिलकीवर लावला तर किंमत कधीच शून्य होत नाही, हे बी. कॉम.ला शिकलो होतो. त्याचा पुरावा आता आमच्या पार्किंगमध्ये उभा असतो. एका रात्री नवीन पनवेलहून परतताना गाढीच्या पुलावर मीटरची डावी बाजू विझली. वेग दिसत होता, पेट्रोल दिसेना. बल्बचा दोष नव्हता. तारेतले टंगस्टन तापून कणाकणाने उडते, काचेला आतून काजळी धरते आणि तार झिजून तुटते. त्यात व्होल्टेज पाच टक्के चढले तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. इतके कडक व्याज सावकारही लावत नाही.

गॅरेजवाला म्हणाला, ‘मीटरच बदला साहेब, किंवा एलईडी टाकतो, पांढराशुभ्र.’ मी तयार होतो. सौ. नव्हती.

‘अहो, पांढरा नको.’

‘का?’

‘रात्री अलिबागहून येताना मी मागे झोपलेली असायचे. जाग आली की त्या पिवळट-हिरव्या उजेडात बाबांची हनुवटी तेवढी दिसायची. मग परत झोप लागायची.’

यावर बँकेत कोणतेही व्हाउचर नाही. दुसऱ्या शनिवारी मी हार्बरने कुर्ल्याला गेलो. जिथे गाडी जन्मली, तिथेच तिचे अवयव विकतात. दुकानदाराला बल्ब दाखवून विचारले, पद्मिनीचा आहे का? तो म्हणाला, ‘पद्मिनी बोलो, डिलाइट बोलो, बल्ब एकही है.’ छत्तीस वर्षांचा इतिहास त्याने एका वाक्यात आटोपला. डबा फुंकून धूळ उडवली आणि म्हणाला, ‘टॅक्सी बंद, अब कौन लेता है?’ खरे होते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. मी डझनभर बल्ब घेतले. भविष्यकाळासाठी तरतूद.

काम अर्ध्या तासाचे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. मग पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली डोके घालायचे, हात वर सरकवून होल्डर मागे ओढायचा, बल्ब दाबून किंचित फिरवायचा, की सुटतो. होल्डरच्या पत्र्याला गंज असेल तर पॉलिश पेपर मारायचा, कारण अर्थिंग त्यातूनच मिळते. पुष्कळदा बल्ब धडधाकट असतो आणि गंजच आडवा आलेला असतो. नवा बल्ब तेवढ्याच वॉटचा. जास्त उजेडाची हाव धरली तर प्लॅस्टिक वितळते.

एक बल्ब मात्र विझला तरी कळत नाही. ऑइलचा लाल दिवा. तो गाडी चालताना विझलेलाच असायचा असतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो पेटतो की नाही हे रोज बघायचे. पेटला नाही तर सगळे ठीक आहे असे नव्हे. ओरडणाराच मेला आहे. आमचा पेटत नव्हता. कधीपासून, देव जाणे. डझनातला दुसरा बल्ब तिथे गेला.

रात्री सौ.ला शेजारी बसवून पुलापर्यंत फेरी मारली. मीटर दोन्ही बाजूंनी उजळले होते. ती बराच वेळ माझ्या हनुवटीकडे बघत होती. मी ती जरा पुढे काढली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘पेट्रोल संपत आलंय.’