वेग वाढवून न सुटणारे प्रश्न

घरात फायबर येते आणि पहिल्या आठवड्यातच कुरबुरी सुरू होतात. आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो, प्रिंटर सापडत नाही, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. सोसायटीत कोणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो: प्लॅन कमी पडतोय, वरचा घ्या, तोवर राउटर बंद करून चालू करा.

हा पूर्वपक्ष अडाणीपणातून आलेला नाही. ५६ केबीपीएसच्या डायल-अप मोडेमवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ खरोखरच वेगात होते. सरकारी व्याख्याही वेगाचीच झाली. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते, २०१३ मध्ये ५१२ आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. जाहिरातीतला मोठा आकडाही तोच. इतकी वर्षे एकच माप कानावर पडल्यावर लोक बिघाडही त्याच मापाने मोजू लागले, यात नवल नाही.

पण हा पक्ष आज टिकत नाही. ब्रॉडबँडने वेगाबरोबर घरातली सगळी मांडणी बदलली, हे त्यात लक्षातच घेतलेले नाही. डायल-अपला एक तार, एक मोडेम आणि एक संगणक एवढाच संसार होता. इंटरनेटचा पत्ता थेट त्या संगणकाला मिळे. आज कंपनीची जबाबदारी भिंतीवरच्या डब्यापाशी संपते आणि तिथून मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे यांचे एक वेगळे जाळे सुरू होते. त्याचे पत्ते वेगळे, वाटप वेगळे, नियम वेगळे. बाहेरून १०० एमबीपीएस घ्या की ३००, या जाळ्यातला दोष जागच्या जागी राहतो.

प्रिंटरचेच उदाहरण घेऊ. घरात आधीपासून एक राउटर असतो, प्रिंटर त्याच्या वायफायला जोडलेला असतो. फायबरवाला स्वतःचा डबा बसवतो, त्यातही राउटर असतो, आणि जुना राउटर त्याला मागून जोडून दिला जातो. आता घरात एकात एक अशी दोन जाळी झाली. लॅपटॉप नव्या डब्याच्या वायफायवर गेला, प्रिंटर जुन्यावर राहिला. आतला राउटर बाहेरून आलेल्या अनाहूत विचारणा अडवतो. ते त्याचे कामच आहे. त्यामुळे लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही, आणि दोन्ही यंत्रे मात्र इंटरनेटवर सुरळीत असतात. त्यातून दोन्ही राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत असतील, तर कोणता पत्ता आतला आणि कोणता बाहेरचा हेच आतल्या राउटरला ठरवता येत नाही. हे पत्ते १९९४ पासून खाजगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, कोणीही वापरावेत असे, म्हणूनच दोन कंपन्यांच्या डब्यांत तेच निघण्याची शक्यता मोठी. उपाय फुकटचा आहे. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचे. ती सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून घ्यायचा, पत्तेवाटप म्हणजे डीएचसीपी बंद करायचे आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या खाचेत लावायची. एवढे करूनही विंडोजच्या दोन संगणकांना एकमेकांची फोल्डरे दिसली नाहीत, तर नवे जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले आहे का ते पाहावे. विंडोज अनोळखी जाळ्यावर शेअरिंग झाकून ठेवते, आणि नवा राउटर त्याच्या लेखी अनोळखीच असतो.

आता मीटिंगमधल्या तुटक्या आवाजाकडे येऊ. एका व्हिडिओ कॉलला काही एमबीपीएस पुरतात; १०० च्या प्लॅनवर तो का तुटावा? उत्तर रांगेत आहे. पिठाच्या गिरणीत पुढच्याने चार पोती ओतली, तर मागच्याचा दोन किलोचा डबाही तासभर खोळंबतो. फोन गॅलरीचा बॅकअप पाठवत असताना राउटरमध्ये नेमके हेच होते. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर हा खोळंबा मोजला आणि त्याला बफरब्लोट हे नाव रुळले. उपकरणांत साठवणीची जागा इतकी वाढली होती, की माहितीची पाकिटे टाकून देण्याऐवजी उपकरणे त्यांना लांबच लांब रांगेत उभी करत होती. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये या रांगेला आवर घालण्याची कोडेल ही पद्धत मांडली. आज काही राउटरमध्ये ती किंवा तिच्यावर बेतलेली सोय एसक्यूएम या नावाने सापडते.

पूर्वपक्ष म्हणेल, प्लॅन वाढवला तर रांग लवकर सरकेल. सरकेल, पण रांग साचते ती वाट सर्वांत अरुंद असेल तिथे. आतल्या खोलीत दोन भिंतींपलीकडून वायफाय ३० एमबीपीएसच पोचवत असेल, तर प्लॅन १०० चा ३०० केल्याने त्या खोलीत काहीच बदलत नाही. वायफायविषयी इतकेच सांगतो की २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि इमारतीतले सगळे शेजारी त्यांवरच असतात. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून बाहेर काढणे आणि जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झवर नेणे, याने जेवढा फरक पडतो तेवढा मोठ्या प्लॅनने क्वचितच पडतो.

लॅन केबलही तपासावी. तिच्या ८ तारांपैकी १०० एमबीपीएसला ४ पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. १०० ला न लागणाऱ्या चारांपैकी एक तार जरी तुटली तरी जोडणी सहसा गुपचूप १०० वर उतरते. ३०० च्या प्लॅनवर स्पीड टेस्ट सतत ९४ च्या आसपास थांबत असेल, तर केबल किंवा राउटरची खाच १०० ची आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. अशा घराने ५०० चा प्लॅन घेतला तरी आकडा ९४ च राहील. पैसे मात्र दरमहा जातील, याची मला खरोखर चीड येते.

राहिला दुसरा सल्ला, राउटर बंद-चालू करण्याचा. त्याने पुष्कळदा काम भागते, हे नाकारत नाही. पण तो निदान होऊ देत नाही. पुष्कळ घरगुती राउटर घडामोडींची नोंद स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात; वीज गेली की ती पुसली जाते. शिवाय चालू होताना राउटर चॅनेल नव्याने निवडतो, पत्ते नव्याने वाटतो, म्हणजे तीन-चार गोष्टी एकदम बदलतात आणि दोष कशात होता ते कळेनासे होते. बटणाला हात लावण्याआधी दिवे पाहावेत. एलओएसचा लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही, तिथे बंद-चालू करणे व्यर्थ. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग लागतो पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस बिघडलेले असण्याचा संभव मोठा.

यावर आक्षेप येतो, की सामान्य गृहस्थाने हे का शिकावे? कारण त्याच्याखेरीज हे पाहणारा दुसरा कोणी उरलेला नाही. कंपनीचा माणूस डब्यापाशी वेग मोजून दाखवतो आणि निघतो. त्याच्या हद्दीत तो बरोबरही असतो.

आणि पूर्वपक्षाचा एक भाग मला मान्यच आहे. कधी दोष खरोखर बाहेरचा असतो. तो असा पकडावा: वायफाय सगळे बंद, लॅपटॉप चांगल्या केबलने थेट डब्याला, आणि सकाळी सहा व रात्री नऊ अशी दोन्ही वेळची मोजणी चार-पाच दिवस लिहून ठेवायची. रात्रीचा आकडा रोज कोसळत असेल तर कंपनीची वाहिनी संध्याकाळच्या गर्दीला पुरत नाही, आणि त्याच कंपनीचा मोठा प्लॅन घेऊन त्याच गर्दीत जास्त पैसे देऊन उभे राहण्यात अर्थ नाही. तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच लिहू नये. तारखा, वेळा, केबलवरचे आकडे आणि पिंगचे मिलिसेकंद लिहावेत, आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा.