टॉवरची साक्ष

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न शिकवला जातो तो असा: हे साधन कोणी आणि कशासाठी तयार केले? बखरकाराचा हेतू आपण तपासतो. जमाखर्चाच्या कागदाला मात्र जरा अधिक मान देतो, कारण तो कोणाला पटवण्यासाठी लिहिलेला नसतो. मोबाइल कंपन्यांच्या कॉल नोंदी हे आपल्या काळाचे जमाखर्ची कागद. ते बिलासाठी जन्मले आणि पुढे खुनाच्या खटल्यांत साक्षीदार झाले.

१३ जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर परिसरातून एक शाळकरी तरुणी नाहीशी झाली. पुढच्या महिन्यात लीकिन पार्कमध्ये तिचा मृतदेह सापडला. तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद २००० मध्ये दोषी ठरला. मुख्य आधार एका परिचिताची जबानी. तिला बळ दिले ते टॉवरने. त्या संध्याकाळी ७ वाजून ९ आणि १६ मिनिटांनी सय्यदच्या फोनवर आलेले दोन कॉल त्या उद्यानाच्या टप्प्यातील टॉवरवर नोंदले गेले होते.

आता गंमत पाहा. कंपनीच्या फॅक्सच्या मुखपृष्ठावर सूचना छापलेली होती, की ठिकाण ठरवण्यासाठी केवळ केलेले कॉल भरवशाचे. आलेले कॉल नव्हेत. बचावाच्या वकिलांनी तिच्यावरून तज्ज्ञाची उलटतपासणीच घेतली नाही. ती सूचना आपल्याला दाखवलीच गेली नव्हती, असे त्या तज्ज्ञाने पुढे २०१५ मध्ये सांगितले. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर फेरखटल्याचा आदेश दिला. अपिलात मात्र हा मुद्दा वेळेत मांडला नाही म्हणून टिकला नाही. दोषसिद्धी आजही कायम आहे. २०२५ मध्ये शिक्षा तेवढी भोगलेल्या काळापुरती कमी झाली. तो दोषी की निर्दोष, हे इथे ठरवायचे नाही. साधनाबरोबर आलेला इशारा कोणी वाचला नाही, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

फोन नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडला जातो, हा समज चुकीचा. सिग्नलची ताकद, टेकड्या, इमारती, टॉवरवरची गर्दी यांवर ते ठरते. दाट शहरात टप्पा काहीशे मीटरचा, मोकळ्या मुलखात कित्येक किलोमीटरचा. म्हणून माझ्या मते ही नोंद खंडनाला बळकट, मंडनाला दुबळी आहे. पुण्याच्या टॉवरवर बोलणारा फोन त्या क्षणी नाशकात नव्हता, हे ती ठामपणे सांगते. तो कोणत्या गल्लीत होता, हे नाही. आणि फोन कोणाच्या खिशात होता, हा प्रश्न निराळाच.

डेन्मार्कमध्ये तर कागदच बिघडलेले निघाले. कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदींचे रूपांतर करताना पोलिसांच्या संगणक प्रणालीतून काही माहिती गळत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये असा पुरावा वापरणे दोन महिने थांबवले गेले, २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे फेरतपासणीस घेतली गेली आणि ३२ जणांना कोठडीतून सोडण्यात आले.

आपल्याकडे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या एका निवडणूक वादात (अर्जुन खोतकर प्रकरण) इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कलम ६५ब चे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. त्याने प्रत कोठून व कशी निघाली हे कळते. त्या टॉवरचा टप्पा केवढा, हे विचारण्याचे काम मात्र उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाकडेच राहते.