पेजमेकरवर घडलेली पिढी

१९८५मध्ये आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं आणि पानं जुळवण्याचं काम संगणकाच्या पडद्यावर सरकलं. महाराष्ट्रात ते रुजलं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या फाँटांच्या जोडीनं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कथासंग्रह सारं त्यावर तयार होऊ लागलं. डीटीपी ऑपरेटरांची एक पिढी त्यावरच हात बसवून पोटापाण्याला लागली.

१९९४मध्ये अडोबीनं आल्डस घेतली, १९९९मध्ये त्याच कामासाठी इनडिझाइन आणलं आणि २००४मध्ये पेजमेकरचा विकास थांबवला.

नवं सॉफ्टवेअर सरस होतंच. अडचण मराठी मजकुराची होती. जुन्या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले. फाँट बदलला की अख्खा परिच्छेद निरर्थक चिन्हांचा ढीग व्हायचा. म्हणून अनेक ऑपरेटर जुना संगणक जपत राहिले. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांचं वर्षानुवर्षांचं काम पेजमेकरच्याच फाइलींत होतं. इनडिझाइन सीएस६पर्यंत पेजमेकर ६ आणि ७च्या फाइली उघडत असे. सीसी आवृत्तीपासून तीही वाट बंद झाली.

प्रकाशकांनो, जुन्या पुस्तकांच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षरं शाबूत ठेवणाऱ्या संकेतप्रणालीत, उतरवून घ्या. ते काम जाणणारे ऑपरेटर अजून आहेत, तोवरच.