चांगले पेट्रोल

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी दोन गोष्टी चुकत नाहीत. आई माळ्यावरून पणत्यांची टोपली खाली काढते आणि नाना जीप धुतात. वडिलांना आता ऐंशी वर्षे झाली. पण बादली दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. धुणे झाले की जीपच्या मडगार्डावर थाप मारून मला सांगतात, "जा, चांगलं टाकून आण."

चांगले म्हणजे चांगले पेट्रोल. पंपावर साध्या पेट्रोलच्या शेजारी रंगीत पाटी लावलेले जे दुसरे पेट्रोल मिळते आणि ज्याला लिटरमागे सात-आठ रुपये जास्त पडतात, ते. गेली वीस-बावीस वर्षे आमच्या जीपला दुसरे चालत नाही. आम्ही राहतो किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे अर्धे शहापूरचे नि अर्धे मुरबाडचे. मास्तराच्या पगारात हे सात-आठ रुपये मला टोचत. म्हणून गेल्या वर्षी मी ठरवले की या चांगलेपणाचा छडा एकदा लावायचाच. माझा रसायनशास्त्राशी संबंध मॅट्रिकलाच सुटला. पण शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना छळून आणि जुनी पुस्तके चाळून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या भागाला वाहनाच्या पोटाची चिंता नवी नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्या वाटेने लमाणांचे बैल चढत तेव्हा त्यांच्या वैरणीचा हिशेब कोणी तरी करीतच असेल. पेट्रोल आले ते फार अलीकडे, आणि आले न आले तोच दुसऱ्या महायुद्धात त्याचे रेशनिंग झाले. तेव्हा मुंबई इलाख्यात मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मागे भला मोठा पिंप, त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि निघणारा गॅस इंजिनात सोडायचा. ठाणे जिल्ह्यातल्या रानांत कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या होत्याच. आजोबा सांगत, की चढ आला की ड्रायव्हर सर्व्हिस मोटार थांबवी आणि उतारूंना म्हणे, "उतरा मंडळी, लावा जोर!" त्या गॅसात पेट्रोलइतका दम नसे. तिकिटाचे पैसे देऊन वर मोटार ढकलायची, असा तो काळ.

त्याच युद्धात जीप जन्मली. १९४१ सालच्या विलीस जीपचे इंजिन साठ घोड्यांचे होते आणि ते सिलिंडरातली हवा-पेट्रोल सुमारे साडेसहा पट दाबत असे. यापेक्षा अधिक दाबणे तेव्हाही शक्य होते. परंतु जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, मिळेल त्या हलक्या पेट्रोलवर चालावे म्हणून लढाईच्या गाडीला दाब बेताचाच ठेवणे सोयीचे. युद्ध संपल्यावर १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीपचे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे इथे तयार झालेल्या जीपांचे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. दाब फार तर सात पटीच्या आसपास. आमची जीप त्यांतलीच. भातसा धरणाच्या कामावर राबून राबून लिलावात निघाली आणि १९८४ साली नानांनी ती घेतली.

आता हा दाब महत्त्वाचा का, ते सांगतो. लवंगी फटाक्यांची माळ आठवा. वात पेटवली की एकामागून एक फटाका वाजत जातो, ती माळ नीट. पण माळ उन्हात फार तापली आणि मधलेच चार फटाके आपण होऊन एकदम उडाले, तर? इंजिनात तसेच घडते. प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. फार दाबलेले पेट्रोल ज्वाळा पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात आपोआप पेटले, तर पिस्टनवर हातोडी मारल्यासारखी टकटक होते. मेकॅनिक म्हणतो, "नॉक करतंय." हा दाब पेट्रोल किती सोसते ते मोजायला १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनज्ञाने मोजपट्टी केली. अत्यंत सोशिक अशा आयसो-ऑक्टेनला त्याने शंभर गुण दिले आणि अत्यंत उतावळ्या हेप्टेनला शून्य. हाच तो ऑक्टेन आकडा.

म्हणजे पाहा, हा आकडा जोराचा नव्हेच, सोशिकपणाचा आहे! एक्क्याण्णवच्या पेट्रोलपेक्षा पंच्याण्णवच्या पेट्रोलात चार आणे जास्त ताकद भरलेली असते, हा सबंध तालुक्याचा समज मीही बाळगून होतो. १९४० साली इंग्लंडच्या स्पिटफायर विमानांना शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले आणि त्यांचे बळ वाढले हे खरे. पण ते का? तर इंजिनात हवा अधिक कोंबण्याची सोय त्यांना होती आणि हे पेट्रोल तेवढा दाब सोसत होते म्हणून. जे इंजिन मुळात दाबतच नाही, त्याला सोशिक पेट्रोल घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीचा कासरा बांधणे.

सोशिकपणा वाढवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती मात्र भयंकर होती. १९२१ साली थॉमस मिजली याने पेट्रोलात शिशाचे एक संयुग मिसळून टकटक बंद केली आणि १९२३ पासून ते विकले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही ते जगभर गेले. आपल्याकडे सत्त्याऐंशी आणि त्र्याण्णव अशा दोन आकड्यांचे पेट्रोल असे, आणि दोन्हींत शिसे असे. देशभर शिसे बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० रोजी. तोवर माझी सगळी शाळा त्या धुरातून ये-जा करून संपली होती. त्यानंतर, २००२ च्या सुमारास, तेल कंपन्यांनी नावे देऊन जादा किमतीचे पेट्रोल विकायला काढले. नानांनी ते पहिल्या वर्षापासून धरले.

त्यामागे एक रात्र आहे. १९९८ चा पावसाळा. डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरून दोन माणसे भिजत आली. बाई अडली होती. तेव्हा आसपास वाहन म्हणजे आमची जीपच. टाकीत पेट्रोल थोडे होते, म्हणून नानांनी वाटेत एका दुकानातून डब्यातले पाच लिटर ओतून घेतले. मी शेजारी बसलो होतो. शहापूरच्या वाटेवर पहिल्याच चढाला जीप टकटकू लागली, मग तापली, मग आचके देऊन बंद पडली. प्लग काढून पुसले, पुन्हा लावले. चार वेळा हेच. शहापूरला पोचायला दोन तास उशीर झाला. बाई वाचली. मूल वाचले नाही.

त्या डब्यात काय होते ते सकाळी उजेडात कळले. उरलेल्या पेट्रोलला रॉकेलचा वास येत होता. रॉकेलचा ऑक्टेन आकडा इतका खालचा, की सात पट दाबही त्याला सोसत नाही. शिवाय ते नीट जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. रेशनचे रॉकेल स्वस्त, पेट्रोल कितीतरी महाग. त्या फरकात या देशात एक सबंध काळा धंदा उभा राहिला. रॉकेलला निळा रंग दिला तरी तो थांबला नाही. आमच्या कसारा घाटापलीकडे, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी भेसळखोरांना पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारले. ती बातमी आली तेव्हा नाना दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

हे सारे ठाऊक असूनही मी प्रयोग केलाच. टाकी काठोकाठ भरायची, सरळगाववरून टोकावडे, माळशेज घाटाचा पायथा आणि परत, मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. साध्या पेट्रोलवर तीन फेऱ्या, चांगल्यावर तीन. साध्याची सरासरी लिटरला ८.४ किलोमीटर आली आणि चांगल्याची ८.५. एवढा फरक तर वाटेत म्हशी आडव्या आल्या तरी पडतो! मग मेकॅनिककडून पॉइंट साफ केले, ठिणगीची वेळ जुळवली, टायरांत हवा भरली. साध्याच पेट्रोलवर ९.१ किलोमीटर मिळाले.

आणखी एक मौज कळली. आता दोन्ही पेट्रोलांत शंभरास वीस भाग इथेनॉल असते. इथेनॉल फार सोशिक. त्यामुळे आजचे साधे पेट्रोलसुद्धा पंच्याण्णव आकड्याचे झाले असे सरकार सांगते. परंतु लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. नवी इंजिने त्या सोशिकपणाचा फायदा घेऊन तूट थोडी भरून काढू शकतात, आमच्या जीपला ते जमत नाही. तिच्या पदरी शंभरात सहा-सातांची तूट तेवढी येते. शिवाय इथेनॉल जुने रबर खाते. पेट्रोलची नळी बोटाने दाबून पाहिली तर भेगाळलेली. शंभर-दीडशे रुपयांत इथेनॉलला टिकणारी नळी मिळाली. जादा पेट्रोलवर इतकी वर्षे जे घालवले, त्यात अशा किती नळ्या आल्या असत्या, हे मी हिशेबाच्या वहीत मांडून पाहिले.

ती वही मी नानांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडे शांतपणे वाचले.

"बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मायलेजसाठी कोण टाकत होतं? महाग पेट्रोलात तरी कोणी रॉकेल घालणार नाही, असं वाटायचं."

मी काही बोललो नाही. वीस वर्षे मी त्यांना भोळे समजत होतो.

या दिवाळीला जीप धुऊन झाल्यावर नाना स्वतःच शेजारी येऊन बसले. पंपावर उतरून काठी टेकत पुढे गेले आणि तिथल्या पोराला म्हणाले, "फिल्टर पेपर आण." ग्राहकाने मागितला तर तो द्यावा लागतो. पोराने नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर पाडला. पेट्रोल शुद्ध असेल तर दोन मिनिटांत उडून जाते, डाग राहत नाही. मागे गाड्यांची रांग लागली, कोणी तरी हॉर्न वाजवला. नाना कागद डोळ्यांजवळ धरून उभे होते. थेंब कडेने आत आत सरकत गेला, कागद कोरा झाला. त्यांनी तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि पोराला म्हणाले, "साधं टाक. फुल कर."